हंसपद

११ जून

घर सोडून गेलेल्या भावांनो, आणि त्याच गावात राहून घराचा जिना न चढणाऱ्या बहिणींनो!

ज्यांचं प्रत्येक वाक्य लाल शाईने तपासलं गेलं, ज्यांना शाबासकीऐवजी शुद्धिपत्र मिळालं, त्या सगळ्यांची ही सभा आहे. हजर दोघंच, तू आणि मी. गणसंख्या पूर्ण झाल्याचं मी जाहीर करते.

धाकट्या, तुझा अर्ज मिळाला. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं ते असं, 'माननीय महोदय' या मायन्याखाली. 'घरभेट सेवेच्या नोंदीत माझ्या वडिलांचा नातेवाईक म्हणून असलेलं माझं नाव काढून टाकावं.' ते माननीय महोदय म्हणजे मीच. या सेवेची संगणकातली सगळी यंत्रणा मी सांभाळते, हे तुला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आज सकाळी सव्वादहाला मी तुझं नाव काढलं. नियमच तसा आहे. नातेवाइकाने स्वतःच्या सहीने मागितलं की प्रश्न विचारायचा नाही.

रागावले नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. घर सोडताना तू टेबलावर ठेवलेली चिठ्ठी आप्पांनी तपासून, पाकिटात घालून तुझ्या नव्या पत्त्यावर पाठवली होती. छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासलेल्या माणसाला दुसरं काय येणार? 'पून्हा येणार नाही' मधला पू ऱ्हस्व केला. आणि घाईत तू 'मला या घरात राहायचं' एवढंच लिहिलं होतंस. तिथे त्यांनी ओळीखाली हंसपद दिलं, ती छपरासारखी छोटी खूण, इथे शब्द गळाला आहे असं सांगणारी. आणि वर नीट, सुवाच्य लिहिलं, 'नाही'.

माझंही काही कमी नाही. कर्मचारी संघटनेतलं माझं पहिलं भाषण छापून आलं, ते मी हौसेने त्यांना दाखवायला नेलं. त्यातले तेवीस 'च' त्यांनी खोडले. 'हे झालेच पाहिजे, आम्ही करूच करू', सगळे. खाली शेरा : जोर जास्त, माहिती कमी. त्या दिवसापासून मी तो जिना चढलेले नाही.

असो. आज माझा दिवस होता, तो तरी ऐक. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या दोनशे चौदा म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी आहेत. सिस्टर रोज सकाळी फोनवर यादी उघडतात. कुणाकडे जायचं, गोळ्या कोणत्या, काही झालं तर कळवायचं कुणाला. ती उघडायला पाऊण मिनिट लागायचं. आमच्या एक सिस्टर ऊन असो, ढग असो, छत्रीशिवाय निघत नाहीत. त्या छत्रीवाल्या सिस्टर म्हणायच्या, "बाई, तुमची यादी उघडेपर्यंत यादीतलं एखादं जायचं."

कारण असं, की माणसांचा तक्ता वेगळा, गोळ्यांचा वेगळा, नातेवाइकांचा वेगळा. प्रोग्राम आणि तक्ते यांच्यामध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. तो या तक्त्यांतून आम्हाला अख्खा माणूस जोडून देतो. पण स्वभावाने आळशी. मागितल्याशिवाय काही आणणार नाही. आधी दोनशे चौदा नावं आणतो. मग पहिल्याच्या गोळ्या विचारल्या की परत जातो. पहिल्याचा नातेवाईक विचारला की परत. मग दुसऱ्याच्या गोळ्या. चारशेवर खेपा! तू लहानपणी दुकानात जायचास तसं. मीठ आणून दारात उभा, साखर आणून दारात उभा, कारण वाटेत मित्र भेटायचे.

या खेपा वाचवायला माझ्या आधीच्यांनी साठ ओळींची ठिगळं लावून ठेवली होती. मी ती सगळी उपटली आणि एक ओळ लिहिली. माणूस आण, आणि गोळ्या नि नातेवाईक त्याला जोडूनच आण. खेप एक. आता यादी पापणी लवायच्या आत उघडते.

बैठकीत शंकासुर तेवढा कुरकुरला. हा आमचा तपासनीस. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून हे नाव. फोन उचलताना तो स्वतःच "शंकासुर बोलतोय" म्हणतो. तो म्हणाला, "बाई, जोडूनच आण म्हणता, ठीक. ज्याला जोडायला कुणी नाही त्याचं काय?"

"असा माणूस आपल्याकडे नाहीच. फॉर्मात नातेवाइकाचा रकाना सक्तीचा आहे."

"तरी दोन दिवस द्या. बघतो जरा."

मग मी उभीच राहिले. सिस्टरांचे वाया जाणारे तास काय, सोपेपणाला घाबरणाऱ्यांची जमात काय, टेबलावर दोनदा हात आपटला. टाळ्या पडल्या. शंकासुर म्हणाला, "तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान टाळ्या घेत नाही." सगळे हसले. मीही. दुपारी तीनला ती ओळ चालू झाली.

आप्पा ठीक आहेत. छत्रीवाल्या सिस्टर दर सोमवारी आणि गुरुवारी जातात, गोळ्यांची डबी भरतात.

ताई


९ जुलै

धाकट्या,

आप्पा दवाखान्यात आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन तारखेला छत्रीवाल्या सिस्टरांना ते स्वयंपाकघराच्या दारात पडलेले सापडले. शुद्धीवर होते. किती तास पडले होते, कुणाला माहीत नाही. गोळ्यांची डबी रिकामी होती.

मधल्या काळात यंत्रणेत एक दोष राहून गेला, त्यामुळे त्यांच्याकडच्या सहा भेटी चुकल्या. दोष दूर केला आहे. चौकशी चालू आहे.

घरभेटीच्या नोंदीत आता कुणाचंच नाव नाही. कर्मचाऱ्याने आपल्याच माणसाचा नातेवाईक म्हणून नाव लावायचं नाही असा नियम असल्यामुळे माझं लागत नाही. म्हणून तुला लिहिते. कळवण्यापुरतंच.

ताई


२३ जुलै

धाकट्या,

मागचं पत्र न फोडता परत आलं. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'स्वीकारले नाही'. त्याच्या आधीचं आलं नाही, म्हणजे ते वाचलंस असं मी धरते. परत आलेलं यातच घातलं आहे, आणि या पाकिटावरचा पत्ता शंकासुराकडून लिहून घेतला आहे. फसवणूक आहे. असू दे. एवढं झालंय त्यात आणखी एक.

परत आलेलं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात दोन ठिकाणी खोटं आहे.

'एक दोष राहून गेला' असं मी लिहिलं. राहून गेला नाही. मी लिहिला. ज्या ओळीचं तुझ्यापाशी कौतुक केलं तीच ती ओळ. 'जोडूनच आण' म्हटलं की दुभाष्या शब्दाला जागतो. जोडायला नातेवाईक सापडला नाही, तर तो माणूसच आणत नाही. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही, यादीत फट ठेवत नाही. खालचं नाव गुपचूप वर सरकतं. फॉर्म भरताना रकाना सक्तीचा होता हे खरं. पुसताना नव्हता. सकाळी सव्वादहाला मी माझ्या हाताने एक बिननात्याचा माणूस तयार केला, आणि दुपारी टेबलावर हात आपटून सांगितलं की असा माणूस नाहीच. मधे पाच तास होते रे. पाच तास. आणि माझ्या डोक्यात टाळ्या.

शंकासुराने मोजलं. असे अकरा जण निघाले. कुणाची बहीण वारली म्हणून नाव काढलेलं, कुणाच्या मुलाने तुझ्यासारखा अर्ज केलेला. त्या तीन आठवड्यांत अकरांपैकी दोघं गेले. यादीतून आधी गेले, जगातून नंतर. शंकासुराने मोजलेला कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याने "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तू म्हणशील, सिस्टरांनी विचारलं कसं नाही? मीही तेच विचारलं, आणि जरा आवाज चढवूनच. छत्रीवाल्या सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या, छत्री मांडीवर आडवी.

"बाई, आमच्या यादीतून नाव कधी जातं? माणूस गेला की. बारा तारखेला दिसलं नाही. म्हटलं, गेले म्हातारबुवा. असं रोज कुणीतरी जातंच, आम्ही काय प्रत्येकाचं विचारत बसायचं? रडायला यादीत जागा नसते."

"मग तीन तारखेला गेलात कशाला?"

"त्यांचा चष्मा होता ना माझ्या पिशवीत. काडी बसवून द्यायला घेतलेला. म्हटलं, घर आवरायला कुणीतरी आलं असेल, त्यांच्या हातात देऊ. गेले तर दार नुसतं लोटलेलं. शेजारीण म्हणाली, दर सोमवारी नि गुरुवारी सकाळपासून ते असंच ठेवतात, सिस्टरला थांबायला लागू नये म्हणून. मी तीन आठवडे त्यांना मेलेलं धरून चालले होते, आणि ते माझ्यासाठी दार उघडं ठेवत होते."

शेजारणीने त्यांना म्हटलं होतं, एक फोन तरी करा त्या ऑफिसात. तर म्हणाले, "येतील. कामात असतील. माझी मुलगीच आहे तिथे, ती बघते सगळं."

हे मला शेजारणीकडून कळलं. आपल्याला त्यांनी कधी सांगितलं असतं का? विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, हा तर त्यांचा धर्म. आणि आपण विचारायचं नाही, हा आपला.

आता दुसरं खोटं. कर्मचाऱ्याबद्दलचा तो नियम. असा नियम नाही. मी तो तुझ्यासाठी तयार केला. त्यांची नोंद झाली तेव्हा आप्पांनी फॉर्म स्वतः भरला. नातेवाईक या रकान्यात दोन नावांची जागा होती. त्यांनी एकच लिहिलं. तुझं. तू शेकडो कोस दूर, मी बसने वीस मिनिटांवर, आणि नाव तुझं. तो फॉर्म संगणकात चढवला कुणी? मीच. 'मुलगी' असं खाली लिहायला मला कोण अडवत होतं? पण मी म्हटलं, ते म्हणतील तेव्हा लिहीन. ते बहुधा म्हणत असतील, ती लिहील तेव्हा लिहील. आणि ज्या सकाळी तुझं नाव काढलं, तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. घ्या आता, म्हटलं. राहिलं का कुणी?

दुरुस्ती किती होती सांगू? 'जोडूनच आण' होतं, ते 'असला तर जोडून आण' केलं. पहिल्या नजरेला फरक एका 'च'चा. आप्पांनी माझ्या भाषणातले तेवीस खोडले होते. हा चोविसावा त्यांच्या नजरेला पडला नाही. ते एकदा म्हणाले होते, आठवतं तुला? आपण जेवत होतो आणि तू विचारलंस, सगळ्यात अवघड चूक कोणती. म्हणाले, "चुकलेला शब्द दिसतो रे. गळालेला दिसत नाही. उरलेली ओळ छान वाचता येते, तीच पंचाईत." हे ऐकलेली मी. या घरात वाढलेली मी.

साहेबांना मी सगळं लेखी दिलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, अहवालात आपण 'नोंदी अपूर्ण असल्यामुळे' असं घालू."

"नोंदी पूर्ण होत्या, साहेब. माणसं एकटी होती. ओळ माझी होती."

"तुम्हाला भाषणाची हौस आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सभागृह नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाषण करत नव्हते, धाकट्या, आणि पहिल्यांदाच कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी रोज दवाखान्यात जाते. आप्पा छताकडे बघत असतात. कालपासून चष्मा लावून दिला आहे. भिंतीवरच्या सूचना-फलकात 'रुग्णांच्या नातेवाइकांनी' मधली 'इ' दीर्घ छापली आहे का, तसं काहीतरी शोधत असावेत. मी काही बोलले की माझ्याकडे बघतात. मी काय बोलते? हवापाणी. अजून सांगितलेलं नाही त्यांना.

ताई


२० ऑगस्ट

धाकट्या,

तेवीस जुलैचं पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. त्यातून काय समजायचं ते मी समजायचं सोडून दिलं आहे.

मला कामावरून दूर केलं आहे. माझा पासवर्ड बंद. त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की चूक दुरुस्त झाली आणि मग तिचा नियम झाला. एक सप्टेंबरपासून ज्याच्या नोंदीत नातेवाईक नाही, त्याला घरभेट नाही. कारण दिलंय, 'जबाबदारी निश्चित करता येत नाही.' मी साहेबांच्या खोलीत घुसले. ते शांतपणे म्हणाले, "वाक्य तुमचंच आहे, बाई. असा माणूस आपल्याकडे नाही. आता नसेलच."

मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर पडले.

अकरांतले नऊ उरले होते, आप्पा धरून. नवं नाव लावायला त्या म्हाताऱ्या माणसाची स्वतःची सही लागते. मी आणि शंकासुर फॉर्म घेऊन घरोघर फिरलो. मी पाच जणांची भाची झाले. तो तिघांचा पुतण्या. एक आजी सही करताना म्हणाल्या, "भाची असून आजवर आली नाहीस ती?" म्हटलं, "कामात होते, मावशी." त्या म्हणाल्या, "सगळे तेच सांगतात," आणि सही केली. शंकासुराला एका आजोबांनी चक्क बोलणी घातली, बापासारखाच आळशी आहेस म्हणून. तो मान खाली घालून ऐकत होता. जिन्यात आल्यावर म्हणाला, "माझी शंका आहे, मी खरंच यांचा पुतण्या असेन."

पाच परक्यांची मी भाची आहे. आप्पांची मुलगी मला होता येत नाही. त्यांचा उजवा हात गेला. अंगठा चालत नाही. वाचा नसलेल्या माणसाचा अंगठा कुणीही उठवून नेईल, असं कार्यालय म्हणतं, आणि यात कार्यालयाचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

तेरा तारखेला मी फॉर्म घेऊन दवाखान्यात गेले. आधी सगळं सांगितलं. ओळ, टाळ्या, सव्वादहा, तीन. खाली बघत सांगितलं. वर बघितलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्याची अर्धी बाजू हलत नाही, त्यामुळे काय वाटलं ते अर्धंसुद्धा कळत नाही. मग मी फॉर्म पाटीवर लावून त्यांच्यासमोर धरला आणि डाव्या हातात पेन दिलं. रकान्यात मी माझं नाव लिहून नेलं नव्हतं. वाटलं होतं, ते लिहितील.

त्यांनी अख्खा फॉर्म वाचला. वरून खाली, बोट ठेवून, प्रूफ वाचावं तसा. नातेवाईक या रकान्यापाशी थांबले. पेन थरथरलं. आणि त्या कोऱ्या जागेखाली त्यांनी एक हंसपद काढलं. वाकडं, पण हंसपदच. मग पेन वर नेलं. शब्द लिहायला. ते तिथून निसटून चादरीवर पडलं. मी पुन्हा हातात दिलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी हातच मिटून घेतला.

मी तोच कागद कार्यालयात नेला. कारकून म्हणाला, "ही सही नाही."

"नाही. खूण आहे."

"कसली?"

"इथे काहीतरी सुटलं आहे, अशी."

"ते मलाही दिसतंय, बाई. रकाना रिकामा आहे."

वर कुणाचं नाव यायचं होतं, मला माहीत नाही. माझं असेल या आशेवर मी चार दिवस काढले. आता तेही सोडलं. आशेने रकाना भरत नाही.

एक तारखेला त्यांना घरी सोडतात. मी त्यांच्याकडे राहायला गेले आहे. जिना चढले शेवटी, रिकाम्या घरासाठी. पण नळीतून अन्न आणि दिवसातून दोनदा सुई, हे सिस्टरांचं काम. मी दवाखान्यात शिकून बघितलं. माझा हात त्यांच्या डाव्या हातापेक्षा जास्त थरथरतो. डॉक्टर म्हणाले, सिस्टर येत राहिल्या तर दोन-तीन महिने, नाहीतर पंधरा दिवस धरून चाला. बरे होतील असं कुणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

काढलेलं नाव परत लावायचं असेल तर मात्र वेगळा नियम आहे, आणि हा मी तयार केलेला नाही. त्याला म्हाताऱ्याची सही लागत नाही. ज्याचं नाव काढलं त्याची एकट्याची पुरते. या जगात ती सही एकाच माणसाकडे आहे, आणि त्या माणसाला ती न करण्याची कारणं आहेत. ती मी पहिल्या पत्रात स्वतःच मोजून दिली आहेत.

तू येशील असं मला वाटत नाही. तू विसरशील असंही नाही. तुझ्या चिठ्ठीत त्यांनी हंसपद देऊन 'नाही' लिहिलं, ते कुणालाही पुसता येणार नाही. या कागदावर हंसपद दिलं आणि पुढे त्यांना लिहिता आलं नाही, एवढाच काय तो फरक आहे. फार मोठा फरक आहे असं मी म्हणणार नाही. जोर द्यायचा नाही असं ठरवलं आहे.

तोच फॉर्म सोबत आहे, तेच हंसपद असलेला. कारकून म्हणाला, खूण खोडायची गरज नाही, ती चालेल. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करू नकोस, आता तपासायला कुणी नाही. त्या खुणेच्या वर तुझं नाव लिही, खाली सही कर, आणि एकतीस तारखेच्या आत कार्यालयात पोचेल असा तो कागद टपालात टाक.

ताई